मशीनबाई

लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात दारात एक माणूस लंगडत आला आणि म्हणाला, "मशीनबाई आहेत का?" मला वाटलं, शिवणकाम करणारी बाई शोधत असेल. मी म्हटलं, "इथे शिलाई मशीन नाही हो, पुढच्या गल्लीत विचारा." आतून माझ्या थोरल्या नणंद हसत बाहेर आल्या. मशीनबाई म्हणजे त्याच.

ताई स्टेडियमसमोरच्या दवाखान्यात कामाला होत्या. खाली खेळाच्या सामानाचं दुकान, जिना चढून वर गेलं की दवाखाना. हिरव्या पडद्यांनी वेगळ्या केलेल्या तीन खाटा, भिंतीला ठोकलेली लाकडी शिडी, कोपऱ्यात रबरी पट्टे आणि वजनं, आणि सगळीकडे मलमाचा वास. दवाखाना चालवणारे सर हाडा-स्नायूंची दुखणी बघायचे. धावणारे, उड्या मारणारे, बॉल फेकणारे सगळे त्यांच्याकडे यायचे. शिवाय पाठ धरलेले ड्रायव्हर आणि मान आखडलेले कारकून असायचेच. सर तपासायचे, चिठ्ठीवर लिहायचे, आणि पडद्यामागे ताई मशीन लावायच्या.

मशीन बुटांच्या खोक्याएवढं. त्याला वायरीने जोडलेली एक मूठ, मुठीला चपटं गोल तोंड. दुखऱ्या जागी थंडगार जेल लावायचं आणि ते तोंड आठ मिनिटं गोल गोल फिरवत राहायचं. कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी आत जातात आणि दुखावलेला भाग भरून काढतात, असं ताई प्रत्येकाला समजावून सांगायच्या. वेळ संपली की टिंग वाजायचं. ताईंच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे. त्यावर ताईंचं ठरलेलं उत्तर, "हाताला कसला गुण? गुण मशीनला. मी नुसती फिरवते."

हा विश्वास त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यातून आला होता. बाविसाव्या वर्षी ताई व्हॉलीबॉल खेळायच्या, आणि चांगल्या खेळायच्या. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं ते इतकं की जिना उतरताना भिंत धरावी लागे. दोन डॉक्टरांनी खेळ सोडायला सांगितलं. सरांनी तेव्हा नुकताच दवाखाना थाटला होता. त्यांनी तीन महिने मशीन लावलं, आणि ताई पुन्हा मैदानात उतरल्या. दोन वर्षं खेळल्यासुद्धा. मग सरच म्हणाले, "माझ्याकडे काम करशील? शिकवतो सगळं." सहा महिन्यांचा एक छोटा कोर्स आणि बाकी सरांचा हात, एवढ्या भांडवलावर ताईंनी त्या खोलीत एकवीस वर्षं काढली. सरांबद्दल घरात कुणी वेडंवाकडं बोललेलं त्यांना खपत नसे. आमचे हे, म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, चिडवायचे, "ताईचं लग्न दवाखान्याशीच लागलंय, अहेर तेवढा राहिलाय." ताई पाठीत धपाटा घालायच्या, पण नाही म्हणायच्या नाहीत.

आमच्याच गल्लीत शिंप्याचं घर. त्याची थोरली पोर लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. सतरा वर्षांची, काटकुळी, एका जागी दोन मिनिटं ठरायची नाही, म्हणून सगळे तिला तुडतुडी म्हणत. मोठ्या स्पर्धेला दोन महिने असताना तिची डावी नडगी दुखायला लागली. ताईंनीच तिला दवाखान्यात नेलं.

त्या दिवशीचं सगळं ताईंनी मला पुढे किती वेळा सांगितलं असेल, मोजदाद नाही. नडगीवर त्या बोटाने दाबत गेल्या. बाकी कुठे काही नाही, पण एका जागी, रुपयाएवढ्या, पोर कळवळली. एका पायावर उडी मार म्हटलं तर मारवेना. सकाळी उठल्या उठल्याही ठणकतं म्हणाली. इतकी वर्षं नडग्या चाचपून ताईंच्या बोटांना एवढं कळत होतं की हे नेहमीचं स्नायूंचं दुखणं नाही. त्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "सर, हाडाचं वाटतंय मला. एकाच जागी दुखतंय. एक्स-रे फोटो काढून घेऊ या का?"

सर म्हणाले, "तिच्या कोचचा सकाळीच फोन येऊन गेला. स्पर्धा बुडता कामा नये. फोटोत इतक्यात काही दिसणार नाही, उगाच पोर घाबरेल. दहा बैठका मशीन दे. पळणं हलकं ठेवू दे."

"पण सर..."

"अगं, तुझा गुडघा आठवतो ना?"

झालं. ताई गप्प बसल्या. मशीन लावलं. आणि पोरीला खरोखर बरं वाटायला लागलं. ती यायची, खाटेवर पडायची, शर्यतीच्या गप्पा मारायची, ताई गोल गोल फिरवत तिला सांगायच्या, "आत भरून येतंय बघ, धीर धर." आठव्या बैठकीला तुडतुडी म्हणाली, "काकू, आज ठणका अर्धाच आहे." ताई घरी येऊन मला म्हणाल्या, "बघ, सर उगाच सर नाहीत. मीच शहाणपणा करत होते."

स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत तिचं हाड मोडलं. ताई प्रेक्षकांत होत्या. काडी मोडल्यासारखा आवाज आला असं जवळ उभे असलेले लोक म्हणाले. ताईंना आवाज आला नाही, फक्त पोर धावता धावता खाली बसलेली दिसली. ऑपरेशन झालं, सळई घातली. हाडाला केसाएवढी चीर आधीच गेली होती आणि तिच्यावरच पोर दोन महिने धावत होती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. सर म्हणाले, "खेळात असं होतं. आपण आपल्या परीने सगळं केलं." ताईंनी ते वाक्य घट्ट धरलं. शिंप्याच्या घरी डबे पोचवले, पोरीला कुबड्या शिकवल्या, आणि विचारेल त्याला सांगितलं, "सगळं केलं हो आम्ही. नशीबच फुटकं."

यानंतर साधारण चौदा महिने गेले. मशीनचं वेळ लावायचं बटण निखळलं, म्हणून दुरुस्तीवाला आला. पिकलेल्या मिशांचा, फार न बोलणारा माणूस. सर त्या दिवशी बाहेर होते. त्याने बटण बसवलं, मशीन चालू केलं, मूठ उलटी धरली आणि तिच्या चपट्या तोंडावर बाटलीतून पाण्याचे दोन थेंब टाकले. पाणी होतं तसं राहिलं. त्याने मान हलवली.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. हे अजून बदललं नाही का?"

"काय बदलायचं?"

"हे तोंड. मेलंय ना हे. चालू असतं तर पाणी थरथरलं असतं, तुषार उडाले असते." मग ताईंचा चेहरा बघून तो जरा चाचरला. "म्हणजे, सरांना माहितीये. पाच वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं की आतला स्फटिक फुटलाय. ते म्हणाले, असू दे, दिवे लागतायत ना. मला वाटलं, तुम्ही वापरत नसाल."

ताईंनी स्वतः पाण्याचे थेंब टाकून पाहिले. सगळे दिवे लागले होते. आकडे उलटे मोजत होते. आठ मिनिटांनी टिंग वाजलं. थेंब जागचा हलला नाही.

त्या दिवशी ताई दुपारीच घरी आल्या. मला वाटलं, कुणी गेलं. त्या पायरीवरच बसल्या, चपलाही काढल्या नाहीत. "पाच वर्षं," म्हणाल्या. "पाच वर्षं मी लोकांच्या अंगावर डबडं फिरवत होते."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी त्या सरांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तिथे काय झालं ते त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं, आणि ताई पदरचं घालून सांगणाऱ्यांतल्या नाहीत.

"सर, मशीन बंद आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "कुणी सांगितलं?"

"ते जाऊ द्या. तुम्हाला माहीत होतं का?"

"होतं."

ताईंना वाटलं होतं, ते नाही म्हणतील. मग निदान भांडता तरी आलं असतं.

सर म्हणाले, "बस. ऐकून घे. मशीन चालू असतं तरी फार फरक पडला नसता. त्यावर प्रयोग झालेत. निम्म्या लोकांना चालू मशीन, निम्म्यांना बंद, आणि लावणाऱ्यालाही ठाऊक नाही कुठलं कोणतं. दोन्हीकडे लोक जवळपास सारखेच बरे होतात. मी हे फार पूर्वी वाचलंय. म्हणून दुरुस्त केलं नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तुला ते लावता आलं असतं का? तुझा विश्वास होता, म्हणून लोकांचा बसायचा. आणि विश्वास बसला की दुखणं निम्मं होतं. मला खोटं बोलता येतं गं, पण ते लोकांना कळतं. तू बोललीस की खरं वाटायचं, कारण तू खरंच बोलत होतीस."

ताई म्हणाल्या, "म्हणजे माझा भाबडेपणा तुम्ही औषध म्हणून वाटलात."

"लोक बरे झाले ना?"

"तुडतुडी?"

यावर सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ते वेगळं होतं," एवढंच म्हणाले. ताईंनी ॲप्रन काढला, घडी घालून खाटेवर ठेवला आणि जिना उतरल्या. एकवीस वर्षांच्या त्या खोलीतून त्यांनी फक्त आपला पाणी प्यायचा पेला घरी आणला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, मी त्या वर्षी पाहिलं. ताई आरडाओरडा करणाऱ्या नाहीत. त्या जेवायच्या, भांडी घासायच्या, आणि मध्येच थांबून म्हणायच्या, "मी बोट ठेवून सांगितलं होतं गं. हाडाचं आहे म्हणून सांगितलं होतं." मग पुन्हा घासायला लागायच्या.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. एक दिवस त्यांनी मला मोबाइल दिला आणि म्हणाल्या, "सर म्हणतात ते प्रयोग शोधून दे. त्यांचं आता काहीच खरं मानायचं नाही मला." आम्ही दोघी महिनाभर रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून वाचायचो. मी वाचून मराठीत सांगायची, ताई वहीत लिहायच्या. अडलेल्या शब्दांनी माझी पार दमछाक व्हायची. शाळेतल्या निबंधांत असे शब्द कुठे असतात! आणि सर खोटं बोलले नव्हते, हेच सगळ्यात वाईट निघालं. चालू मशीन आणि बंद मशीन, फरक असला तर चिमूटभर. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, दुखावलेल्या भागाला झेपेल तेवढं काम देणं, पुरेशी विश्रांती, आणि माणसाला त्याचं दुखणं नीट समजावून सांगणं, यांच्या बाजूने मात्र बराच जास्त पुरावा होता. एका जागी हाड दुखत असेल तर धावणं तिथेच थांबवा, साध्या फोटोत दिसलं नाही तर मोठी तपासणी करा, हे तर सगळीकडेच लिहिलेलं.

एका संध्याकाळी ताई लिहिता लिहिता थांबल्या. "मग माझा गुडघा कशाने बरा झाला?"

मी काय सांगणार? त्याच आठवत बसल्या. मग म्हणाल्या, "सर मला उतरत्या फळीवर उभं करायचे. रोज हळूहळू बसायचं आणि उठायचं, पंधरा वेळा, तीनदा. मला त्याचा कंटाळा यायचा. मी म्हणायचे, हे कशाला, मशीन आहे ना." त्यांनी वही मिटली. "गुण त्या फळीचा होता. आणि मी एकवीस वर्षं आरती डबड्याची ओवाळली."

यानंतर त्यांनी जे केलं त्याला आमच्या ह्यांचा विरोध होता. ते म्हणाले, "ताई, झालं गेलं. त्यांना सांगून पोरीचा पाय सरळ होणार आहे का?" ताई म्हणाल्या, "माझ्याशी जे झालं ते मी तिच्याशी करत बसू?" आणि त्या शिंप्याच्या घरी गेल्या. मला सोबत घेतलं.

शिंपी शिलाई मशीनवर होता. कापडाच्या ढिगाआड तुडतुडी काजं करत होती. आता ती चालायची नीट, पण पाऊल टाकताना आधी जमीन जोखायची. ताईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दवाखान्यातलं मशीन बंद होतं हे सांगितलं, आपल्याला शंका आली होती हेही सांगितलं, आणि तरी आपण गप्प बसलो हेही. शिंप्याचा पाय पेडलवरून खाली आला.

तुडतुडी म्हणाली, "पण मला खरंच बरं वाटत होतं काकू."

"हो गं. वाटत असणारच."

"तुम्ही म्हणायचात, आत भरून येतंय. मी रात्री झोपताना पायाला हात लावून तेच म्हणायचे." तिचा आवाज चढला नाही. "कोचने काही सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. ते सगळ्यांनाच पळ म्हणतात. तुम्ही म्हणालात म्हणून मी धावले."

"मला माहीत नव्हतं, बाळा."

"मशीनचं माहीत नव्हतं. हाडाचं माहीत होतं ना?"

आम्ही परत आलो. तुडतुडी त्यानंतर आमच्या घराची पायरी कधी चढली नाही. रस्त्यात भेटली तर मला हसते, ताईंना नाही. पुढे तिने शर्यती सोडल्या आणि टपालखात्यात लागली. तिचं चुकलं असं ताई कधी म्हणाल्या नाहीत.

सेहेचाळिसाव्या वर्षी ताईंनी पुन्हा शिकायला नाव घातलं. दोन वर्षांचा कोर्स, वर्गातली पोरं त्यांना 'आजी' म्हणायची, आणि इंग्रजीच्या पेपरात त्या एकदा आपटल्याही. त्याचा दोष मी माझ्याकडे घेते. मग सार्वजनिक व्यायामशाळेच्या मागची एक खोली त्यांना मिळाली. तिथे मशीन नाही. एक उतरती फळी, पट्टे, वजनं, पायऱ्या आणि एक आरसा. पहिल्या वर्षी निम्मे लोक एकदा येऊन गायब झाले. "हात तर लावत नाहीत, वर आमच्याकडूनच मेहनत करून घेतात," अशी तक्रार मी भाजी घेताना स्वतःच्या कानांनी ऐकली. ताई कुणालाही आठवड्यात बरं करते म्हणत नाहीत. "बारा आठवडे लागतील. कधी जास्त. पहिले काही दिवस थोडं दुखेल, ते चालतं. याच्यापुढे दुखलं तर थांबायचं आणि मला सांगायचं," असं त्या बोलतात. काय नक्की माहीत आहे, काय माहीत नाही, तेही सांगतात. एका पहिलवानी अंगाच्या माणसाने विचारलं, "म्हणजे गॅरंटी नाही?" ताई म्हणाल्या, "गॅरंटी हवी तर स्टेडियमसमोर जा. तिथे नवीन मशीन आलंय."

आलंच होतं. दवाखाना जोरात चालला होता. एका क्रीडा मंडळाने सरांचा सत्कारही केला. शाल पांघरलेला फोटो पेपरात आला. ताईंनी त्या पानावर डाळ निवडली. मुद्दाम नव्हे, पण उचललंही नाही.

गेल्या वर्षी सरांच्या पत्नीचा फोन आला. सरांचा खांदा धरला होता, हात डोक्यापर्यंत जाईना, शर्ट घालताना डोळ्यांत पाणी येई. स्वतःवरचा इलाज स्वतःला सुचत नव्हता, की सुचत होता आणि पटत नव्हता, देव जाणे. त्या म्हणाल्या, "ते तुझंच नाव घेतायत. येशील का?"

मला वाटलं, ताई फोन आपटतील. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मला म्हणाल्या, "तू चल. एकटी गेले तर जुनं काहीतरी तोंडातून निघेल."

सर थकले होते. ताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, कोनाचे आकडे लिहून घेतले. मग सांगायला लागल्या, एखाद्या अनोळखी माणसाला सांगावं तसं. "या दुखण्याला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. सुरुवातीला सांध्यात इंजेक्शन घेतलंत तर दुखणं काही काळ कमी होतं, ते डॉक्टरांना विचारा. व्यायाम मी देते. रोज करायचे. मी चोळून काही सुटणार नाही."

सर म्हणाले, "एवढ्यानेही बरं वाटलं बघ. तुझा हात लागला की..."

ताईंनी हात काढून घेतला. सरांच्या पत्नी चहा करते म्हणून उठल्या, तर ताई म्हणाल्या, "नको. आम्ही निघतो."

वाटेत मी विचारलं, "खरंच बरं वाटलं असेल का हो त्यांना?"

"काय सांगू?" ताई म्हणाल्या. "एकवीस वर्षं या माणसाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ होती. आता ते 'दुखतंय' म्हणाले तरी मला आकडे बघावे लागतात."

पुढे अकरा महिने त्या दर शनिवारी सरांकडे जात राहिल्या. आकडे वाढत गेले, हात डोक्यापर्यंत पोचला, नंतर फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत. सर एकदा म्हणाले, "माझं चुकलं." ताईंनी ऐकलं, मान हलवली आणि पुढचा व्यायाम दाखवला. त्या घरचं पाणी मात्र त्या अजून प्यायल्या नाहीत.